रडकं चित्र

नगं नगं, पेंडीच्या पोत्यावर बसू नका ताई, साडी भरंल — ही खुर्ची घ्या. आता खरं बोला, कुणी धाडलं तुमाला? अंगणवाडीतून — व्हय, ते ऐकलं म्या. लेकरांचं वजन करतेत, उंची मोजतेत, दंडाला पट्टी लावतेत, ते समजतं मला. पण पाच वर्षाच्या पोरीला राग कळतो का, दुःख कळतं का, हे तपासायचं — असलं काम कधी निघालं? आन् अख्ख्या जळकोटात तुमाला माझीच नात घावली? सगळ्यांकडं जाताव? शेजारच्या बंडप्पाच्या घरी गेलताव? गेलताव... बरं. विचारणार हाय मी त्याला, सोडणार न्हाय.

राग मानू नका. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकबी फुकून पितंय. लोहाऱ्याच्या लोकांचा भरवसा न्हाय मला. लोहारा म्हंजी आमच्या सुनंचं माहेर. महेश्वरी तिचं नाव. तिला तिथं दवाखान्यात नोकरी लागली — म्हणली, पोरीला घेऊन जाते. म्या म्हणलं, तू खुशाल जा, पोरगी हितंच राहील. माझा विरेश? तो हैदराबादला कंपनीत, महिन्यानं येतो, बापापुढं तोंड उघडत न्हाय. आता ती कोर्टात जाणार म्हणं. मग तुमच्यासारखं कुणीतरी गोड बोलत येणार, पोरगी सुकलीय, रडतीय, असं लिवून नेणार — एवढं न कळाय मी काय खुळा हाय?

तर लिवा. लिवा की! ही पोरगी रडत न्हाय. वळणाची हाय. परवा पडली, गुडघा फुटला — हूं न्हाय की चूं न्हाय. पयलं लई रडायची हो. दिवाळीत आई न्यायला आलती, म्या दुकानाचं शटर वढलं, तर ही आतून शटरवर हात आपटून आपटून रडली. तवा एकदाच सांगितलं तिला — रडणाऱ्या पोरीची आई येत न्हाय. बास! तवापासून डोळ्यात टिपूस न्हाय. लेकरांना असंच सांगावं लागतं ताई, तुमी काय माझ्याकडं असं बघताव? तुमाला लेकरं हायत का? न्हाय ना. मग!

आईचं नावबी काढत न्हाय. दिवसभर हितं पायरीवर बसती, लोहाऱ्याची जीप थांबली की उठून उभी राहती — गाड्यांचा लई नाद तिला. सोलापूरच्या गाडीला? न्हाय, तवा न्हाय उठत... तुमी तुमची चित्रं काढा की, उगं चौकशा कशाला करताव.

शिवप्रिया, ये गं. ताई तोंडं दाखवतेत, कुणाला काय झालंय ते सांग त्यांना. हां, हा हसतोय. शाब्बास! आन् हा रागावलाय — अगं माझ्याकडं काय बघतीस, चित्राकडं बघ! आता हा? सांग की. एवढं कळत न्हाय व्हय? कळतंय हो तिला, लाजतीय. अगं अगं, ते रडकं चित्र पोत्याखाली कशाला दडवलंस? ताईंचं हाय ते! खेळती हो... लेकरू हाय. हे लगीच लिवू नका त्यात.

आता त्यांच्या कानात काय सांगतीस? मोठ्यानं बोल! ताई, काय म्हणली ती? न्हाय, मला कळाय पायजे, माझी नात हाय. आईनं धाडलंय का तुमाला, असं इचारलं? घ्या! पोरीलाबी संशय आला! मी मघाधरनं काय म्हणतोय — काय? आणिक काय म्हणली?

'मी आता रडत न्हाय, आईला सांगा' — असं म्हणली?

जावा तुमी, ताई. न्हाय, राग न्हाय. ते चित्र काढून ठेवतो, नंतर न्या. शिवप्रिया, हिकडं ये. अज्जाजवळ ये. गुडघा दुखतोय का गं? दुखतोय न्हवं? मग रड की माझ्या बाय. अज्जा काय म्हणत न्हाय, रड तू. हसू नको. अगं, हसू नको म्हणलं ना अशी!

ताई, तुमी अजून उभ्याच? जावा म्हणलं की!