एकोणीस डोकी, तेवीस चिठ्ठ्या

...आणि पुन्हा तसलाच सिनेमा. तुम्हाला सांगतो, आमच्या फिल्म सोसायटीला दर महिन्याला नेमकं एकटं माणूस कुठून सापडतं कुणास ठाऊक. मागच्या वेळी एक बाई टेलिफोनवर वेळ सांगणाऱ्या आवाजाशी लग्न ठरवून बसली होती, त्याआधी एक पोस्टमन स्वतःलाच पत्रं टाकायचा, आणि या रविवारी कोण, तर एक घड्याळजी, बहीण जाऊन वर्षं लोटली तरी तिचं ताट वाढतो, तिला मीठ पुढे करतो... असं कुणी करतं का?

आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, हॉलमधला गॅसचा हीटर फक्त पहिल्या रांगेचा, मांडीवर घोंगडी, पायाशी गरम पाण्याची पिशवी, आणि समोर हा दोन तास मीठ पुढे करतोय. लिनेट, म्हणजे माझी बायको, असल्या सिनेमाला विणकाम घेऊन यायची. सिनेमा संपला की आमच्यात पिवळी चिठ्ठी फाडतात, कडेला एक ते पाच आकडे, जेवढे गुण द्यायचे त्या आकड्यावर फाडायची. ती मान वर न करता दोनवर फाडायची. म्हणायची, "रॉस, याला कुणीतरी जेवायला बोलवायला हवं होतं. सिनेमाच झाला नसता."

तिला जाऊन दोन वर्षं झाली. माझ्या वहीत मात्र दोन रकाने आहेत, एक माझ्या गुणांचा, एक तिच्या, आणि चोवीस सिनेमे रकाना मोकळा कसा ठेवणार? म्हणून दाराशी मी दोन चिठ्ठ्या उचलतो, त्यातली तिची दोनवर फाडतो. यात वेडबिड काही नाही, वहीचा प्रश्न आहे.

तर या वेळी चिठ्ठ्या मोजायला नवी सेक्रेटरी ब्रॉनविन. आधी बॅलरॅटच्या शाळेत गणित शिकवायची. मोजल्या, परत मोजल्या, चष्मा काढून म्हणाली, "माणसं एकोणीस. चिठ्ठ्या तेवीस. जास्तीच्या कोण टाकतं?"

माझे कान तापले. उठून सांगायचं, सगळ्या गावासमोर? सांगितलं की पुढच्या महिन्यापासून लिनेटचा रकाना बंद... आणि मग डोक्यात आलं, थांबा, माझी तर एकच जास्तीची. बाकीच्या तीन?

मान वर केली, तर अख्खा हॉल आपापले बूट बघतोय. पुढच्या रांगेतला म्हातारा क्लॅरी, त्याचा भाऊ आल्फ तीन वर्षांपूर्वी गेला, तो टोपीचा काठ चाचपत बसलेला.

"असं कुणी करतं का?" ब्रॉनविन म्हणाली.

शेवटी चहाच्या टाकीपाशी उभी होती ती नोरीन म्हणाली, "बाई गं, लिही तेवीस. चहाबरोबरचे स्कोन गार होतायत."

लिहिले तेवीस. सिनेमाला सरासरी जेमतेम अडीच गुण. आमच्या गेलेल्या माणसांना असले सिनेमे कधी आवडलेच नाहीत.

कप विसळताना क्लॅरी शेजारी येऊन उभा राहिला. "बुधवारी जेवायला ये. मटण भाजतोय."

"येतो. पुडिंग आणू?"

"आण." टोपी घातली, दारापर्यंत गेला, वळला. "चौघांना पुरेल एवढं आण."

आता तुम्हीच सांगा, असं कुणी करतं का?

मोठं भांडं काढून ठेवलंय मी.