तळ्याकडून वळसा

मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात औषधांच्या दुकानातली रांग काही हलत नव्हती. मार्गिटच्या पुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या, आणि त्यांचं बोलणं तिला ऐकावंच लागत होतं.

"अर्लीन, टीव्हीवरचा तो नाताळचा सिनेमा बघितलास? मुलं सांभाळणारी पोरगी अन् तो विधुर बाप?"

"बघितला. निव्वळ थापा."

"असं कसं? मी तर ढसाढसा रडले."

"अगं, दोन द्वाड पोरं सांभाळून त्या बयेची बटसुद्धा हलत नाही! अन् बाप घरी सोडायला निघतो, तर गाडी नेमकी बर्फात रुतते. तिथंच म्हणे प्रेम जमतं."

"गोड होतं की ते."

"मीही सांभाळलीत पोरं. एल्मर लुंडची, त्याची बायको गेल्यावर."

"तोही सोडायचा तुला?"

"रोज. तळ्याकडून वळसा घालून."

"तळ्याकडून? तुझं घर तर चर्चच्या मागेच होतं!"

"तेच तर. मला वाटलं, गावात नवीन माणूस, रस्ता ठाऊक नसेल. नाताळच्या आदल्या दिवशी मीच त्याला जवळचा रस्ता दाखवला. म्हटलं, उगाच कशाला पेट्रोल जाळता?"

"अर्लीन! काय म्हणाला गं तो?"

"आभार मानले."

"आणि मग?"

"मग काय, रोज जवळच्या रस्त्यानं. पाच मिनिटांत घर."

रांग पुढे सरकली होती. दोघींना भान नव्हतं. मार्गिटनंही सांगितलं नाही.

"शनिवारी परत दाखवणारेत तो सिनेमा."

"माहितीये," अर्लीन म्हणाली. "तिसऱ्यांदा बघणारे मी."