धानाले भाप, मले भाप

बापाले तुमी गुडघा कसा आहे इचारता, डोळ्याचं इचारता. पन बाबा, लघवी नीट होते का, हे कधी इचारलं का जी?

मी शालिक, मूळचा करडी गावचा. जमीन थोडी, भाऊ तिघं, म्हनून एकोनिसाव्या वर्षी तुमसरले राइस मिलमध्ये लागलो. आमच्याकडं उसना तांदूळ बनवतेत, म्हंजे धान भिजवाचा, टाकीत भरून बॉयलरची भाप द्याची, मग वाळवाचा, मग भरडाचा. भापेची चावी, म्हंजे भाप सोडाचा-बंद कराचा व्हॉल्व्ह, माह्या हाती. काय सांगू तुमाले, भाप कमी झाली त तांदूळ तुटते, जास्त झाली त काळा पडते. धानाचं तोंड जरासं उकललं का चावी बंद, हे डोळ्यालेच समजते. अडतीस वर्षं ती चावी माहीच, शेठ दुसऱ्या कोनाले हात लावू देत नव्हता.

मग लघवीचं सुरू झालं. घडीघडी लागे, पन गेलो का धारच नाही, थेंब थेंब, उभाच राहाचं. बॉयलरमध्ये भुसा टाकनारा दयाराम म्हने, शालिकभाऊ, भिंत रंगवून राहिले का गा? सारे हासत, मीही हासो. मग मी काय केलं, पानी पेनंच सोडलं. बॉयलरजवळ, एवढ्या गरमीत, दिवसभर दोन घोट. वाटलं, भरलंच नाही त जा लागनार नाही. त्यानं जळजळ अजून वाढली.

एक दिवस भाप सुरू असतानाच जोराची लागली. भिंतीमागं गेलो, उभा राहिलो, धार येईच ना. वापस आलो त टाकीभर धान काळा. शेठ म्हने, काहून झालं? अन् मी म्हनलो, झोप लागली. कामचोर म्हनवून घेतलो जी, पन लघवीचं नाव नाही घेतलो. शेठनं चावी दयारामले देल्ली, मले पोते शिवाले बसवलं. कोनं शिकवली ही शरम आपल्याले? पोट दुखलं त गावभर सांगतो, अन् याच्यासाठी इज्जत घालवतो.

माही बायको सुलोचना, तिनं नाही मानलं. म्हने, तुमी दिवसा कधी झोपता? तिनं नागपूरच्या पोरीले, वनिताले, बोलावलं. पोरीनं सरळच इचारलं, बाबा, धार कशी येते? जमिनीकडं पाहत सांगतलं, अन् तिनं मले नागपूरले नेलं.

नागपूरच्या डॉक्टरनं तपासलं. म्हने, प्रोस्टेट वाढली, वय झालं का पुरुषाची ही गाठ वाढते, लघवीची वाट दाबते. कॅन्सर नव्हता. गोळ्यांनी भागलं नाही, त म्हने, पोट न कापता लघवीच्या वाटेनंच आत भाप देता येते. मी उठूनच बसलो. इचारलं, किती वेळ देता? म्हने, एका जागी नऊ सेकंद. अन् जास्त झाली त? डॉक्टर हासले, मशीन आपोआप बंद होते. त्याईनं हेही सांगतलं का साऱ्याईले हे चालत नाही, गाठ पाहून ठरते, अन् कोनाले काही वर्षांनी पुन्हा उपचार लागते. भापेचं मले समजते, म्हनून मी भेलो नाही.

भाप घेतली. मग पाच दिवस लघवीले नळी लावून होती. नळी काढल्यावर दोन हप्ते आग, पुन्हा घडीघडी. वनिता घाबरली, बाबा, फसलं का? मी म्हनलो, भाप देल्ली त धान लगेच भरडते का वो? वाळू दे. तिसऱ्या हप्त्यापासून धार सुटाले लागली, दोन महिन्यात मोकळी. नवराबायकोच्या बाबतीतही माहं काही बिघडलं नाही, हेही सांगून ठेवतो, कारन मरद मानूस त्यालेच भेते अन् इचारत नाही.

मग मिलमध्ये गेलो, साऱ्याईच्या समोर उभा राहिलो.

"झोप नव्हती लागली, शेठ. लघवी अडकली होती."

कोनी हासलं नाही. दयाराम चावीजवळून बाजूले झाला. शेठ मले पोत्यांच्या थप्पीमागं घेऊन गेला अन् हळूच म्हने, त्या डॉक्टरचा पत्ता दे ना.

आता चावीजवळ पान्याची बाटली ठेवतो, पोटभर पेतो. तुमी एवढं करा जी. आज घरी गेले का बापाजवळ एकटे बसा अन् इचारा. तो म्हनन, ठीक आहे. मीही तेच म्हनत होतो. पुन्हा इचारा.