साइट की डिझाइन, मला कोण विचारतंय!

...आणि वर मलाच म्हणतात, तू मध्ये बोलू नकोस! अहो, बोलू नको तर काय करू? सख्खी बहीण आहे माझी! तुम्हाला सांगतो, दादाला जाऊन महिना झाला नाही, त्याचा टूथब्रश अजून तसाच ठेवलाय, मी एकदा चुकून त्यानेच दात घासले तर आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही... आणि त्यात ताईला दादाच्या कंपनीचा फोन! मधात बुडवलेला आवाज! "तुमचे भाऊ आमचे फार चांगले साइट इंजिनीअर होते. तुमचंही इंजिनीअरिंग झालंय. दोन जागा आहेत, साइटवर किंवा डिझाइनला. दोन्ही बघा आणि संध्याकाळपर्यंत सांगा." अरे, भाजी आहे का, उलटून पालटून बघायला? साइटने एक नेला, आता दुसरी पण द्यायची? मी म्हटलं, डिझाइन! विषय संपला! खुर्ची, टेबल, पंखा. खुर्चीवरून पडून पडून माणूस पडणार किती? तर ताई म्हणाली, "तू गप्प बस." बसलो. आठवीतून शाळा सोडलेला माणूस मी. मला कोण विचारतंय!

तरी गेलोच बरोबर. आधी साइट. इमारत दुसरी, पण साहेब तोच, दादाचा. लिफ्ट नाही, जिना आहे तर जिन्याला कठडा नाही, आणि ही अशी चढतेय जणू घरच्या माळ्यावरून डबा काढायला चाललीय! मी मागून तिच्या बॅगेचा पट्टा घट्ट धरलेला. "सोड!" "नाही सोडत!" "अरे, लोक बघतायत!" "बघू देत!" वर पोचलो, तर मजल्याच्या मधोमध जमिनीवर प्लायचा एक तुकडा टाकलेला... मी पट्टा आणखी आवळला.

कारण दादा कडेवरून नाही पडला हो. वादळ नाही, भूकंप नाही, काही नाही. हातात टेप, माप घेत मागे मागे चालत होता. पायाखाली प्लाय. प्लायखाली भोक. पाइप वरखाली न्यायला सोडतात ना, ते. आणि त्या प्लायला एक खिळा नव्हता... एक! एवढा हुशार माझा दादा!

मी साहेबाला सरळ विचारलं, भोकाभोवती कठडा का नव्हता? साहेबाने हात मागे बांधले, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "त्याचं काय आहे... ड्रॉइंगमध्ये नव्हता." मी त्याची कॉलर धरणार, एवढ्यात ताई किंचाळली, "थांब!" मला वाटलं मलाच. थांबलो. साहेबही थांबला. पण ती ओरडली होती एका फिटरवर. खांद्यावर पाइप, मागे मागे चालत, सरळ त्या प्लायकडे! ही गुडघ्यांवर बसली, प्लाय बोटाने ढकलला. सरकला! "खिळे मारा. आत्ता. माझ्यासमोर." साहेब म्हणतो, "मॅडम, तुम्ही अजून जॉइन झाला नाहीत!" ही उठेचना. खिळे ठोकून झाले तेव्हाच उठली. तो फिटर घाम पुसत माझ्याकडे बघून हसला. माझ्याकडे का हसतोस बाबा? मी काय केलं? मी तर बॅगेचा पट्टा धरून उभा. मला कोण विचारतंय!

मग डिझाइनचं ऑफिस. अहाहा! काचा, गारवा, जमीन अशी सपाट की चेंडू ठेवला तर हलणार नाही! मी एकूणएक खुर्ची हलवून बघितली, एकही डुगडुगत नव्हती. मी तर ठरवूनच टाकलं. तिथल्या मॅडमना म्हटलं, "ही उद्यापासून येते! हिचं टेबल कुठलं?" ताईने असा चिमटा काढला, अजून वळ आहे. मॅडमनी संगणकावर इमारत दाखवली. देखणी हो! एक रेघ वाकडी नाही. मध्ये एक चौकोन, त्यात फुली, म्हणजे तेच पाइपचं भोक. ताईने हळूच विचारलं, "याच्याभोवती कठडा?" मॅडमनी चष्मा वर सरकवला, अगदी गोड हसल्या. "तो साइटवाले बघतात."

ऐकलंत? ते म्हणतात ड्रॉइंगमध्ये नव्हता, हे म्हणतात साइटवाले बघतात! मग माझा दादा पडला कुठून? ह्या दोघांच्या मधून!

बाहेर ताई पायरीवर बसली. फोनवर कंपनीचा नंबर काढलेला, बोट तसंच वर धरलेलं. "इथे बसले तर कठडा कागदावर काढता येईल. पण तो लावला की नाही, हे कोण बघणार? आणि तिकडे गेले तर आई..." मग माझ्याकडे वळली. "तू सांग, रॉकेट."

रॉकेट! दादाने ठेवलेलं नाव. विचार न करता सुटतो म्हणून. तो गेल्यापासून घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते...

"तू म्हणशील तिथे जाते. खरंच."

तुम्हाला सांगतो, डिझाइन! एवढंच म्हणायचं होतं! सकाळपासून घोकत होतो! तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर तो फिटर. घाम पुसतोय, हसतोय. त्याच्याही घरी टूथब्रश असेल ना... आणि तोंडातून निघालं, "साइट."

ती रडली. मी पण... जाऊ द्या. जन्मात एकदा कुणीतरी मला विचारलं, आणि मी हे उत्तर दिलं!

आता आई म्हणते, तूच बोललास ना, मग जा, नजर ठेव तिच्यावर. गेलो. दादाचं हेल्मेट डोक्यावर चढवून ऐटीत आत शिरतोय, तर वॉचमन आडवा. "चपला चालत नाहीत. बूट पाहिजेत. इंजिनीअर मॅडमचा हुकूम आहे." मी म्हटलं, "अरे, मी तिचा भाऊ!" तर म्हणतो, "हो, सांगितलंय त्यांनी. म्हणाल्या, माझा भाऊ येईल, चपलेत येईल, सोडू नका."

उभा असतो गेटवर, मान वर करून. मला कोण विचारतंय!