नाचणीच्या बदल्यात जवळा

डहाणूच्या एसटी स्टँडवर तलासरीची पुतळी आणि धाकट्या डहाणूची कोळीण चंद्रिका माझ्या शेजारी बोलत होत्या.

"मावशी, नाचणी आणलीय. दरवर्षीसारखा सुका जवळा द्या, पावसाळ्याला."

"यंदा वाळवलाच नाही, पुतळे. लॉरीवाला ओलाच उचलतो. तळ्यात पाळलेल्या कोळंबीला खाद्य करतात त्याचं. ती कोळंबी परदेशात जाते."

"मग भाव चांगला असेल."

"कसला? तिकडे दुसऱ्या देशाची स्वस्त मिळते म्हणतो, आणि आमचा भाव पाडतो."

"तरी त्यालाच देता?"

"होडीत डिझेल उद्याच घालायचं असतं. वाळवून विकेपर्यंत कोण थांबणार?"

"आणि या पिशवीत काय?"

"सुका जवळाच. दुकानातून घेतला."

"तुम्ही? विकतचा?"

"हळू बोल. निम्मा तू ने."

"आणि पुढच्या वर्षी?"

"नाचणी आणू नकोस. नुसती भेटायला ये."