कोरड्या डोळ्यांचं पाणी

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं सांगतो. मारुंजीत भाड्याच्या खोल्या बांधल्या, त्यांची वास्तुशांत होती. मुठा गावची आत्या पूजेत सारखी पदरानं डोळे पुसत होती. अण्णांनी सगळ्यांदेखत तिला झापलं, “आक्के, माझं चांगलं झालेलं बघवत न्हाई व्हय गं तुला?”

“काचबिंदूचं थेंब घालतीय रे. त्यानं डोळं कोरडं पडल्यात, म्हणून पाणी येतंय.”

“कोरड्या डोळ्यातनं पाणी? कुणाला सांगतीस?”

आत्या न जेवताच निघून गेली. त्या वर्षी अण्णा भाऊबीजेला मुठ्याला गेले नाहीत. पुढच्या वर्षीही नाही.

मग अण्णांनाच काचबिंदू निघाला. थेंब सुरू झाले, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरून धारा लागल्या. डॉक्टर म्हणाले, “थेंबांनी डोळे कोरडे पडलेत, म्हणूनच पाणी येतंय. मनानं बंद करू नका, मी बदलून देतो.”

दवाखान्यातनं अण्णांनी मला गाडी थेट मुठ्याला घ्यायला लावली. आत्यासमोर मान खाली घालून म्हणाले, “आक्के, त्या दिवशी तू रडत नव्हतीस गं.”

“त्या दिवशी न्हाई,” आत्या म्हणाली. “भाऊबीजेला ताट करून तुझी वाट बघत बसले, तवा रडले.”