मामाजीचा मोबाईल

चहा येऊन राहिला, तोवर हे ऐका. मामाजीनं, म्हणजे माह्या सासऱ्यानं, मले मोबाईल देल्ला. चालू केला का आधी सिमकंपनीचं नाव, मंग तिची धून, मंगच फोन. जसा का मी त्या कंपनीचा चालता-फिरता बोर्ड! म्हटलं, हे काढूनच टाकू.

सानगडीच्या बाजारात गजू मेकॅनिककडे गेलो. मामाजीही संगं आले. गजू म्हणे, "नवीन सॉफ्टवेअर टाकतो, सर. कंपनीचं नाव निघून जाईल."

मामाजीनं विचारलं, "मंग त्या जागी दुसरं नाव टाकता येते काय?"

"येते ना, बाबाजी."

आता आमच्या घरी लग्नात आंदण आलेल्या पितळी गुंडापासून चमच्यापर्यंत साऱ्या भांड्यायवर मामाजीचं नाव कोरून आहे. हे मले तेव्हाच आठवाले पाहिजे होतं. पण मी शहाणा, चहा सांगाले गेलो.

वापस येऊन फोन चालू केला. कंपनी गायब, धून गायब. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात: "जावईबापूस सप्रेम भेट. मामाजी, एकोडी."

मी गजूच्या कानात म्हटलं, "हे काढ बाप्पा!"

"कंपनीले मी भेत नाही, सर," तो म्हणे, "पर माही सासुरवाडीही एकोडीच आहे."